मडकं विसळायची जागा

रवांडातल्या आमच्या टेकडीवर कोबी लावायचा म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायींशी वैर. एका रात्रीत पानांची जाळी करून टाकत. आई बांधावरच्या उमुरुकूच्या झुडपांचा पाला कुटून मडक्यात भिजवायची आणि ते हिरवं, उग्र पाणी वाफ्यांवर शिंपडायची. मग गोगलगाय पानाला तोंड लावायची आणि मागे वळायची. "बघ, कशी नाक मुरडतेय मेली! तुझी आत्या माझ्या हातचा घेवडा खाते तशी," आई म्हणायची.

शिंपून झालं की मडकं खालच्या चरात विसळायचं. आजीनंही तिथंच विसळलेलं. चराचं पाणी उतारानं दलदलीत जायचं, आणि तिथं कुणाचं काही नव्हतं. त्या वर्षी मात्र शेजारच्या कामांझीनं तिथं तळं खणून मासे सोडले होते. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना मासे वाढणार, असं तो गावभर सांगत सुटला होता.

एका सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"उमुरुकू टाकलाय कुणीतरी!" कामांझी ओरडला. नदीत मासे धरायला लोक हाच पाला वापरत, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. आणि तळ्याकाठी उमुरुकूचं कुंपण होतं त्याच्या धाकट्या भावाचं, सेबुहोरोचं. दोघांत बांधावरून भांडण चाललेलं.

"दादा, मी कशाला मारू? पुतणीचं लग्न आहे माझ्या."

"पुतणी म्हणू नकोस तिला! आजपासून माझ्या भोपळ्यात तुझी नळी नाही."

केळ्याची दारू आम्ही सगळे एकाच भोपळ्यातून आपापल्या नळीनं पितो. याहून मोठी शिवी आमच्यात नाही.

गर्दीत आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. घरी येऊन म्हणाली, "काल मी चरातच विसळलं ना गं?" मी होकारार्थी मान हलवली. ती जेवली नाही. उद्या सांगते, म्हणाली. मग रोजच 'उद्या'. कोबी मात्र त्या वर्षी असा भरला की बाजारात बायका विचारायच्या, "दाफ्रोझची आई, काय घालतेस गं?" ती टोपली उचलून चालू लागायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं दारूचा भोपळा डोक्यावर घेतला आणि कामांझीच्या अंगणात नेऊन ठेवला. चुकलेल्यानं असंच जायचं असतं.

"मासे माझ्या मडक्यानं मेले. तुझ्या भावानं नाही मारले."

कामांझीनं आधी भोपळ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"शिवलं होतं."

"तो परवाच गेला. बायकापोरं घेऊन, तिकडं लांब बुगेसेराला. मीच म्हटलं, जा."

आणलेला भोपळा परत पाठवता येत नाही. त्यानं तीन नळ्या मागवल्या. एक स्वतःला, एक आईला. तिसरी भोपळ्यात तशीच उभी राहिली.

पुढं आई मडकं घेऊन टेकडीच्या पलीकडच्या उतारावर जायची, कोरड्या गवतात विसळायची. म्हातारपणी गुडघे गेले. मी म्हटलं, "मी नेते ना वर." तिनं नको म्हणून मान हलवली, आणि कोबी लावायचाच सोडला.