दीड मात्रेचा थांबा

माघातली संध्याकाळ. कऱ्हाडच्या घाटावर केशरी, मग कुंकवी, मग जांभळट होत गेलेला उजेड. इकडून कृष्णा येते, तिकडून कोयना. दोघी समोरासमोर येतात आणि एकमेकींच्या गळ्यात पडतात. जळावर सुवर्णरेखा, पायऱ्यांवर शाली पांघरून बसलेली माणसं, आणि वरच्या अंगाला झेंडूच्या माळांखाली एक लाकडी रंगमंच. त्यावर अजून कुणी नाचणारं नव्हतं.

मंचामागे दामिनी होती. सतरा वर्षांची, मोरपंखी वस्त्रांतली, कज्जलनयना, आणि पायांत चाळ. एकेका पायाला शंभर घुंगरं, प्रत्येक घुंगराची गाठ तिनं स्वतः मारलेली. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आनंद अंगात मावत नव्हता. अहो, मुळात पोरगीच घाईची. जन्माला आली तीही सातव्या महिन्यात. नऊ वर्षं ती समूहात, तिसऱ्या रांगेत नाचली. आज पहिल्यांदा एकटी नाचणार होती.

तिच्या गुरू उमाताई किर्पेकर. कथकाच्या व्रतस्थ उपासक, शब्दांना भारी कंजूष. त्यांनी अट साफ घातली होती. शेवटची सम नेमकी गाठलीस तर यापुढं एकटीनं नाचायचं. चुकलीस तर पुन्हा वर्षभर रांगेत. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं तबला, पेटी आणि पाऊल एकाच क्षणी भेटतात ती जागा. आणि दामिनीची नेमकी तिथंच रड होती. हिचं पाऊल समेच्या आधीच जाऊन बसायचं.

म्हणून शेवटासाठी ताईंनी छोटी रचना ठरवली होती, सलग नऊ गिरक्या आणि सम. दुसरी एक मोठी होती, सत्तावीस गिरक्यांची. नऊ झाल्या की दीड मात्रा निश्चल उभं राहायचं, पुन्हा नऊ, पुन्हा निश्चल, मग शेवटच्या नऊ. तो दीड मात्रेचा थांबा दामिनी दरवेळी खाऊन टाकायची. ती रचना मंचावर काढायची नाही, असं ताईंनी तीनतीनदा बजावलं होतं.

आणि ती नाचू लागली. काय नाचली म्हणता! सांजवाऱ्यात लहरणारी ओढणी, विद्युल्लतेसारखी वळणारी मान, पावलांतून झरझर झरणारे बोल. उजेड विझत गेला आणि मंचावर समया उजळत गेल्या. तबल्यावरचे बापू लोहार मान डोलवू लागले, पायऱ्यांवरची कुजबुज थांबली. दामिनीला वाटलं, आज आपल्याला काहीही जमेल.

इथंच घात झाला. कथकात रीत अशी, की नाचायच्या आधी रचनेचे बोल हातानं ताल देत तोंडानं म्हणून दाखवायचे. ती पढंत. जे म्हटलं तेच नाचायचं. मंचावरचा तो शब्द असतो. दामिनी पुढं आली, हात उचलला, आणि हर्षाच्या भरात तिच्या ओठांतून खळाळत बाहेर पडली ती मोठी रचना. सत्तावीसची. सम तोंडानं अचूक घेतली, लोकांनी वाहवा केली, आणि मग तिच्या ध्यानात आलं आपण काय करून बसलो.

बापूंनी ताईंकडं पाहिलं. पेटी तेवढी वाजत राहिली. दामिनीला रांग दिसली, तिसरी, कोपऱ्यातली. वाटलं, ताई खूण करतील, छोटीच घे म्हणतील. ताई मंचाच्या कडेला ताल धरून बसल्या होत्या. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या,

"बोललीस ना? मग नाच."

पहिल्या नऊ गिरक्या. समया फिरल्या, नदी फिरली, माणसं फिरली. थांबा आला. पाय पळायला आसुसलेले, रक्त पळायला आसुसलेलं. तिनं दात आवळले आणि उभी राहिली. कशीबशी राहिली.

दुसऱ्या नऊ. पुन्हा थांबा. आणि नाच संपला असं वाटून सगळ्या घाटानं कडकडून टाळ्या वाजवल्या. त्या गजरात पेटी बुडाली, तबला बुडाला, धरायला काहीच उरलं नाही. आयुष्यभराची घाई तिला आतून ढकलत होती. दामिनी हलली नाही. पापणीसुद्धा नाही. तिनं श्वास धरला आणि ती दीड मात्रा, इवलीशी, अथांग, पहिल्यांदाच पुरती मोजली.

मग शेवटच्या नऊ. मोरपंखी वर्तुळ, सोनेरी वर्तुळ, मग नुसतंच वर्तुळ. आणि धा! पाऊल, तबला, पेटी, ताईंच्या हातातली टाळी, सगळं एकाच बिंदूवर. कोयना कृष्णेला मिळावी तसं मिळालं.

टाळी कुणी वाजवेना. एकदा फसलेले लोक आता हात उचलायला भीत होते. उरली नुसती शांतता, आणि त्या शांततेत, थरथरणाऱ्या दोन पावलांवर, दोनशे घुंगरांची बारीक, अनावर किणकिण. दामिनी हसत होती आणि रडत होती.

ताई उठल्या. नऊ वर्षांत कधी शिष्येसाठी न वाजलेले ते दोन हात एकमेकांवर आले, एकटेच, सावकाश. मग सारा घाट वाजू लागला, आणि खाली अंधारात दोन्ही नद्या एक होऊन, कसलीही घाई न करता, वाहत राहिल्या.