बांधावरची बोटं

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे, ऐनाच्या लाकडाची. पनवेलच्या खाडीकाठी भातशेतीला जो मातीचा बांध घातलेला असतो, त्याच्या पोटात पाण्याला जायला एक वाट ठेवतात. तिला उघाडी म्हणतात. त्या वाटेवर मी टांगलेली होते. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडायचे, भरती आली की खाडीच्या रेट्याने घट्ट मिटायचे. खारे पाणी एकदा आत शिरले, तर दोन-तीन पावसाळे तिथे भात धरत नाही. गावाचे सारे पोट माझ्या पाठीशी होते.

मला बसवले तेव्हा माझे फार कौतुक झाले. हळदकुंकू लावले, नारळ फोडला. पुढे दर वर्षी श्रावणातल्या मोठ्या उधाणाआधी बांधाच्या राखणदाराला, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाला, कोंबड्याची राखण देत आणि माझ्या कडीला लाल फडके बांधत. एकदा राखण दिली, की उधाण उतरेपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. हात लावला तर राखणदाराला वाटेल, यांचा माझ्यावर भरवसा नाही. मग सारे घरी बसत. आणि नेमक्या त्याच दिवसांत चिंबोऱ्या, खाडीतले ते खेकडे, बांध पोखरत.

एका वर्षी असाच बांध फुटला. ते भगदाड बुजवताना गावातला आनंदा वाहून गेला. त्याची बायको ठमाबाई माझ्याजवळ बसून ओहोटीची वाट बघत राहिली. ओहोटीने तिला फक्त त्याचे डोईचे फडके दिले.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या एका श्रावणात, राखण दिल्यावर, ठमाबाई चिखलाची पाटी घेऊन बांधावर आली. तिचा खारीतला, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या जमिनीतला, तुकडा मीठ धुऊन नुकता गोडा झाला होता, पहिल्यांदाच हिरवा दिसत होता. ती बीळ शोधायची, चिखलाचा गोळा आत कोंबायची आणि वरून बोटांनी चोपायची. चोपता चोपता गुणगुणायची,

तळहाताच्या रेघा माज्या चिखलानं बुजविल्या
बांधाच्या अंगावरी बोटांनी म्या उठविल्या

माझ्यापासून वळणापर्यंतचा बांध तिने असा लिंपला. वळणावर मात्र गावचा कारभारी दाजी आडवा आला. मागोमाग ठमाबाईची शेजारीण गोदूबाई.

"ठमे, राखण दिलेली हाय. रीत ठाव नाय काय तुला?"

"ठाव हाय, दाजी. कोंबडा राखणदाराला पोचला. पन चिंबोऱ्यांना कोनी सांगितला, भोकं पाडू नका म्हनून?"

दाजीला क्षणभर हसू आले. ते त्याने मिशीत दाबले. गोदूबाई मात्र कडाडली, "नवरा गिलला खाडीनी! आता आख्ख्या गावाला गिलवतेस काय गो?"

ठमाबाई पुढच्या बिळाकडे वाकली. दाजीने तिची पाटी हिसकून खाडीत फेकली.

पुनवेच्या भर दुपारी उधाण आले. मी अंग आवळून मिटले होते. पण बांध वळणावरच गेला. जिथे तिची पाटी थांबली, बरोबर तिथून. तिच्या तुकड्यासकट सारी खार पाण्याखाली गेली. लोक कपाळाला हात लावून बसले. "हिनंच हात लावला, म्हनून राखणदार कोपला," असेही म्हणाले.

ओहोटी लागली, तरी मला उघडता येईना. तोंडाशी गाळ आणि उपटलेले भात अडकले होते. ठमाबाई छातीभर पाण्यात उतरली आणि नखांनी ते ओढू लागली.

"कशाला मरतेस?" गोदूबाई वरून ओरडली. "नशिबातच नाय आपल्या!"

"बांध गेलाय गो, हात हाईत ना?"

मी उघडले. खारे पाणी धावत बाहेर निघाले. दाजी बराच वेळ बांध न्याहाळत उभा होता. वळणापासून माझ्यापर्यंत एकही ढेकूळ हलले नव्हते, वर तिची बोटे तशीच उमटलेली होती. तो घरी गेला आणि आपल्या घरची पाटी घेऊन आला. ती तिच्यापुढे ठेवून स्वतः चिखलात उतरला. मग एकेक जण आला. भगदाड बुजले. उरल्या पावसाने जमीन धुतली.

त्या वर्षीचे भात गेलेच. आणि पाण्यात उभे राहून आलेला ताप ठमाबाईला सोडेना. मार्गशीर्षात ती गेली. तिच्या तुकड्यात लोंबी आली ती पुढे दोन पावसाळ्यांनी, तिच्या माघारी. लोक म्हणाले, "नशीबवान बाई, तिच्या हातानं गाव राहिला." मित्रांनो, नशीबवान! मी लाकूड, मला रडता येत नाही. पण तेव्हापासून राखण दिल्यावर प्रत्येक घरातून एक पाटी चिखल बांधावर येऊ लागला.

आता माझ्या जागी लोखंडी झडप आहे. मी बांधाच्या कडेला कुजत पडले आहे. माणसे कारखान्यांच्या कामाला जातात. लाल फडके अजून बांधतात, पण पाटी येत नाही. भरती आली की बिळांतून पाणी कुजबुजते. ते मला ऐकू येते.

फडके खुशाल बांधा, मित्रांनो. पण बांधून झाले की एकदा बांधावरून चालत जा, खाली वाका, बिळात बोट घालून बघा.

मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.