न हलणारा आकडा

कार्ड उपसून हातात आलं, तरी पडद्यावर छत्तीस पूर्णांक सहाच होतं.

दुभाषीबाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. एका सेकंदात अलार्म वाजायला हवा होता. दहा सेकंद गेले, मिनिट गेलं. काचेची पेटी गप्प. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब द्यायची ही पेटी. बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या तारेवरून आतल्या कार्डाने त्याचं तापमान मोजायचं आणि तेवढी आतली हवा गरम करायची, एवढंच तिचं काम. आता तार नव्हती, कार्ड नव्हतं, बाळ तर नव्हतंच. तरी पेटी हिरव्या अक्षरात सांगत होती की सगळं छान आहे.

"बघितलंत ना?" स्टुलावर बसलेली सिस्टर म्हणाली. "त्या दिवशी दोन तास अस्संच."

सिस्टर हॉस्पिटलातून पेटीबरोबर स्वतः कंपनीत आली होती. तुमचा माणूस येतो, वायर दाबतो आणि चहा पिऊन जातो, मला कोणीतरी डोळ्याला डोळा भिडवून सांगा काय झालं ते, असं तिने दारातच सुनावलं होतं.

"तुम्हाला संशय कधी आला?" बाईंनी विचारलं.

"संशय कसला येतोय. आकडा चांगला, रंग हिरवा. लंगोट बदलायला हात घातला तर पाय गार. वर बघते तर छत्तीस सहा. पुन्हा पाय धरले. मला तुमच्या मशीनमधलं ओ की ठो कळत नाही मॅडम, पण हाताला कळतं. उचललं आणि आईच्या छातीशी दिलं, वरून दोन ब्लँकेटं."

"आता कसं आहे?"

"पितंय. वजन उतरलंय, पण पितंय." सिस्टरने पेटीकडे पाहिलं. "यात तुमचं काम कुठलं?"

"कार्डाची बोली वेगळी, कम्प्यूटरची वेगळी. मधे दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिते. इथे मला नावच पडलंय त्यावरून."

"म्हणजे दुभाषाच खोटं बोलला."

"हो," एवढंच म्हणाल्या त्या.

*

दुभाषीबाईंना हे काम मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर काही शाळेतले नव्हेत, याच कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रामर. पण त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक जण त्यांना मास्तरच म्हणे. अठरा वर्षांपूर्वी बाई नवीन असताना मास्तरांनी त्यांना खुर्ची ओढून जवळ बसवलं होतं.

"हे बघ पोरी. कार्ड आणि कम्प्यूटरमधल्या रस्त्याला बस म्हणायचं. रस्ता तुटला, कार्ड सैल झालं, तरी वाचायला गेलीस की काहीतरी हाताला लागतंच. शून्य-एकच्या भाषेत सगळेच्या सगळे एक येतात. नवशिके त्यालाच आकडा समजतात. सगळे एक आले की समजायचं, पलीकडे कोणी नाही. आपण रिकाम्या घराची कडी वाजवतोय. मग काय करायचं?"

"पुन्हा वाजवायची?"

"एकदोनदा वाजव. क्षणभराचा अडथळा असेल तर उघडेल. नाही उघडलं तर थांबायचं. वर कळवायचं, की मला काही ऐकू येत नाही. कार्ड पुन्हा पहिल्यापासून चालू करायचं, ते उठून बोललं तरच पुढे. तोवर एक अक्षर मनचं सांगायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. कधी तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, हा बाईंचा लहानपणापासूनचा नेम. मनचं अक्षर सांगायचं नाही, हा त्यांनी त्या दिवशी दुसरा नेम घेतला, आणि पेटीचा ड्रायव्हर त्या नेमानेच लिहिला. तीन वेळा कडी वाजवायची, मग अलार्म. कामात चालढकल नाही, लपवाछपवी नाही.

मग हे असं कसं झालं?

सिस्टरला चहा देऊन बाई आपल्या जागेवर आल्या आणि नोंदी उघडल्या. कोणी कोणती ओळ कधी बदलली, सगळं तिथे लिहिलेलं असतं. शोधायला वेळ लागला नाही. चौदा महिन्यांपूर्वी एक बदल झाला होता. बसवर चूक आली तर अलार्म देऊ नये, शेवटचा चांगला आकडा पाठवत राहावा. किती वेळ, त्याला मर्यादा नव्हती. खाली आणखी एक ओळ खोडलेली होती. पेटी बाहेर जाण्याआधी कार्ड उपसून अलार्म वाजतो का बघायचा, ती चाचणीच यादीतून काढली होती.

विसरून कोणी चाचणी काढत नाही.

बदल करणाऱ्याचं नाव मास्तरांचं होतं आणि तपासणाऱ्याचं बाईंचं.

बाई स्वतःच्या नावाकडे बघत राहिल्या. कंपनीचा नियम साधा होता, एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, मगच ते पेटीत जायचं. पण त्या दोघांची रीत वेगळी पडली होती. मास्तर आपल्या जागेवरून हाक मारत, "पाठवलंय गं," आणि ते मागे टेकायच्या आत बाईंनी मंजुरीचं बटण दाबलेलं असे. बाकीच्यांचं लिखाण त्या स्वल्पविरामासकट तपासत. मास्तरांचं वाचणं हा त्यांना अपमान वाटे. वडिलांनी भरून दिलेला डबा कोणी हुंगून बघतं का?

त्या बदलाच्या दिवशी तर बाई कचेरीतही नव्हत्या. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मास्तरांचा फोन आला होता. "बारीकसा बदल आहे. करून टाक ना मोबाइलवरून." वर आपुलकीने म्हणाले होते, "सासूबाईंना सांभाळ."

*

मास्तर कँटीनमध्ये एकटेच बसले होते. बाई समोर बसल्या.

"पेटीचं बघितलं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलंच होतं, तू शोधशील."

"का केलंत मास्तर?"

"सारखं वाजत होतं गं ते. खाचेत कार्ड सैल बसायचं. पेटी जरा ढकलली की अलार्म. हॉस्पिटलं पेट्या परत पाठवत होती. साहेब रोज डोक्यावर. खाच बदलायची तर सहा महिने. म्हटलं, तात्पुरतं गप्प करू, नवीन खाच आली की पुन्हा लावू."

"खाच आली?"

"आली. पण तोवर..." त्यांनी हात हलवला. "राहून गेलं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

"नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते इतकं सहज बोलले, की बाईंना आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग हळूहळू लागला. त्या दिवशी बाई दवाखान्यात असल्याचं मास्तरांना माहीत होतं. म्हणूनच तो दिवस निवडला होता. इतर कोणी वाचलं असतं. वाचणार नाही असं एकच माणूस त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी स्वतःच घडवलेलं होतं.

"रिटायर व्हायला तीन महिने उरलेत माझे," मास्तर हळूच म्हणाले. "बदल चुकला हे मी नाकारत नाही. पण तपासणीत सुटला असंही म्हणता येईल ना? तू तरुण आहेस. तुला एक ठपका पचेल."

त्रेचाळीस वर्षांच्या बाईंच्या जिभेवर आलेलं सगळं नेमात बसणारं नव्हतं. त्यांनी समोरचा रिकामा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

*

साहेबांनी कागद तयारच ठेवला होता. कार्डाची खाच सैल असल्याने बिघाड, पेटी बदलून देण्यात येत आहे.

"सही करा. त्या सिस्टरला नवी पेटी देऊन पाठवून देऊ," ते म्हणाले. मास्तर बाजूच्या खुर्चीवर होते.

"बाकीच्या तीनशे पेट्यांचं काय?"

"त्यांची कुठे तक्रार आहे? चालतायत त्या."

"चालतायत की नाही, हे त्या सांगूच शकत नाहीत साहेब. तेवढंच आपण त्यांच्यातून काढून टाकलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नव्या मशीनवर प्रमुख म्हणून मी तुमचं नाव पाठवलंय. हे सगळ्या हॉस्पिटलांना कळवायचं, तर चूक कोणाची तेही लिहावं लागेल. कोणाचं नाव लिहू?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. आता बोलतील. अठरा वर्षांत त्यांनी कधी दुसऱ्याच्या माथी काही मारलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी घसा साफ केला.

"तपासणी हिची होती," ते म्हणाले.

"होती," बाई म्हणाल्या. "मी न वाचता सही केली. पहिलं नाव माझंच लिहा."

"आणि दुसरं?"

वाईट बोलायचं नाही हा बाईंचा नेम होता, पण लपवाछपवी करायची नाही हाही नेमच होता. त्यांनी नोंदीचं पान छापून आणलं होतं. ते घडी उघडून साहेबांपुढे सरकवलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"पत्र आजच जायला हवं. तोवर मी फोन करते."

दुपारभर त्या फोनवर होत्या. एकेका वॉर्डात जी कोणी फोन उचले, तिला त्या एकच सांगत होत्या, "सिस्टर, आकड्यावर विसंबू नका. साधा थर्मामीटर लावा, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पायाला हात लावून बघा." कोणी घाबरलं, कोणी चिडलं. एक जण म्हणाली, "हे आता सांगताय?" बाई म्हणाल्या, "हो. उशीर झाला." संध्याकाळी पत्र गेलं. पत्राखाली दोन नावं होती.

नव्या मशीनचं प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. ते होणारच होतं.

ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त करावं, असं साहेबांनी ठरवलं. तीन दिवसांनी मास्तरांच्या जागेवरून हाक आली नाही. फक्त पडद्यावर सूचना आली. अकरा ओळी, तपासणीसाठी.

बाईंनी त्या छापून घेतल्या आणि कागदावर पट्टी धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. अर्ध्या तासाने मास्तर त्यांच्या टेबलापाशी आले.

"बरोबर आहे गं ते."

"असेल. बसा ना."

मास्तर बसले नाहीत. बाईंनी चौथ्या ओळीखाली पट्टी धरली.

"इथे तीनदा का वाचता? दोनदा का नाही?"

हे मास्तरांना कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी हात मागे बांधले, आणि पहिल्या दिवशी कामावर आलेल्या माणसासारखं, शब्द नीट जुळवत, कारण सांगितलं. कारण बरोबर होतं. बाईंनी ते समासात लिहून घेतलं, आणि पट्टी पाचव्या ओळीखाली सरकवली.