अळिंबीच्या शेडमध्ये दादाच्या बाटल्या

दादाचा फोन आला तेव्हा मी भुसा उकळत होते. "चिमे, तुझ्या शेडमध्ये गारवा कितपत असतो गं?" एवढंच त्याने विचारलं. मला वाटलं, उकाड्याने वैतागलाय, दुपारी येऊन झोपायचं म्हणत असेल.

माझी साठी उलटली तरी दादासाठी मी चिमीच. आई गेल्यावर माझी वेणी घालायला तोच शिकला, वाकडीतिकडी का होईना. त्याला नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

दादा एका मोठ्या हॉटेलात वाइन वाढायचा. नुसती ओतायचा नाही. कोणत्या जेवणाबरोबर कोणती घ्यावी ते पाहुण्यांना सांगायचा, आणि ग्लास नाकाशी नेऊन बाटली चांगली की बिघडलेली ते ठरवायचा. जन्मभर त्याने स्वतःसाठीही बाटल्या जमवल्या. काही बक्षीस मिळालेल्या, काही पोटाला चिमटा काढून घेतलेल्या. वहिनी म्हणायची, "माझ्या सवती जिन्याखाली निजल्यात, हळू बोला." आता नोकरी सुटली होती, ते जिन्याचं घर विकलं होतं, आणि नवी जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, संध्याकाळपर्यंत उन्हात भाजणाऱ्या. तिथे गार कपाट बसवून होईपर्यंत बाटल्या ठेवायच्या कुठे, हा त्याचा घोर होता.

"पंधरा दिवस. फार तर महिना," दादा म्हणाला. "अंधार, गारवा, थोडी ओल. तुझ्या अळिंबीला लागतं तेच माझ्या बाटल्यांना लागतं."

"माझी अळिंबी महिन्यात ताटात जाते. तुझ्या बाटल्या कधी ताटाजवळ येणार?"

"येतील. घाई कसली आहे?"

शेड म्हणजे माझं सगळं. नवरा गेल्यापासून तिच्यावरच माझी चूल पेटते. उकळलेला भुसा पिशव्यांत भरायचा, त्यात अळिंबीचं बी पेरायचं, पिशव्या दोरीला टांगायच्या, आणि मग पाणी फवारत वाट बघायची. माल रुग्णालयाच्या उपाहारगृहात जातो. मागच्या हंगामात माझ्या पिशव्यांना हिरवी बुरशी लागली आणि माल चुकला. तिथल्या व्यवस्थापकाने तोंडावर सांगितलं होतं, "मावशी, यंदा चुकलात तर मला दुसरीकडे बघावं लागेल." म्हणून शेडच्या दारात मी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं. पाय बुडवल्याशिवाय मी स्वतःलाही आत घेत नसे.

टेंपो आला. लाकडी खोकी उतरली आणि मी एकाचं झाकण उचललं. प्रत्येक बाटली पेंढ्यात गुंडाळलेली. जुना, ओलसर पेंढा, जिन्याखाली वर्षानुवर्षं पडलेला.

"दादा, हा पेंढा आत नको. काढून टाकू, मी धुतलेली पोती देते."

"अगं, धक्का लागेल. इतकी वर्षं आडव्या पडल्या आहेत, आता शेवटी हलवायच्या?"

"बुरशी येते पेंढ्यातून."

"तू पण ना, चिमे. पेंढ्यातच तर तू अळिंबी पिकवतेस."

मी भुसा उकळून घेते, हे त्याला समजावायला हवं होतं. पण टेंपोवाला घाई करत होता, आणि दादा एकेक खोकं छातीशी धरून उतरवत होता, झोपलेलं मूल उचलावं तसं. शेवटी मी खोकी कोपऱ्यात रचली, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळलं आणि त्याला बजावलं की ते उघडायचं नाही.

तो उघडायचाच. एक दिवसाआड बस पकडून यायचा. सुरुवातीला पाय बुडवायचा, मग विसरायला लागला. प्लास्टिक वर करून, एखादी बाटली पेंढ्यातून काढून विजेरीच्या उजेडात धरायचा आणि परत ठेवायचा. वहिनीने एकदा फोनवर विचारलं, "तिकडे तुम्ही दोघं करता काय? इथे सामान अजून पोत्यांत आहे, पंखा लावायलाही माणूस नाही."

"गार कपाटाचं काय झालं, वहिनी?"

"कसलं कपाट?"

मी विषय बदलला. पण त्या दिवसापासून महिनाभराच्या बोलण्यावरचा माझा विश्वास उडाला.

पिशव्यांवर पांढरं जाळं छान धरलं होतं. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब भोकांतून बाहेर डोकावत होते. आठवड्याभरात पहिला माल निघाला असता. एका सकाळी दार उघडलं आणि पायरीवरच नाकात वास शिरला. खवट खोबऱ्यासारखा, गोडसर. तो वास मी कधी विसरणार नाही. खोक्यांजवळच्या पिशव्या बघितल्या. पांढऱ्यावर हिरवे ठिपके. प्लास्टिक वर केलं तर पेंढा आतून हिरवागार झालेला.

त्या कोपऱ्यातल्या पिशव्या मी लगेच बाहेर काढल्या. बाकीच्या वाचतील अशी वेडी आशा होती. दादाला फोन करायला मन धजेना, म्हणून तो येण्याची वाट बघत बसले.

दुपारी तो आला. त्याचं त्यालाच कळू दे, म्हणून मी त्याला आत जाऊ दिलं. त्याने दार ढकललं, आत गेला, सवयीने प्लास्टिक वर केलं, खाली वाकला, नाक पेंढ्यापासून वीतभर अंतरावर. मी मागे उभी होते. मला तर तोंडावर पदर धरावा लागत होता.

"बऱ्या आहेत," तो म्हणाला.

"दादा, कसला वास येतोय?"

"कसला म्हणजे? ओलीचा."

"आणखी?"

तो सावकाश उभा राहिला. माझ्या तोंडावरचा पदर त्याने पाहिला. मग पुन्हा खाली वाकला, जोरात श्वास घेतला. एकदा, दोनदा. मला ते बघवेना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोकरी सुटायच्या आधी मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप उतरला आणि वास येणंच गेलं." तो खोक्याच्या काठावर बसला. "वाटलं येईल परत. हॉटेलात महिनाभर निभावलं, लेबलं वाचून बोलायचो. मग एका टेबलावर आंबून शिरका झालेली बाटली मीच चांगली म्हणून ओतली. पाहुणे हसले. मालक हसला नाही."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला वाटतं वय झालं म्हणून काढलं. तिच्या हातचं जेवतो, छान झालंय म्हणतो. काय सांगू तिला?"

त्याच्याजवळ बसावंसं वाटलं, पण त्याच्या डोक्यावर माझ्या पिशव्या टांगलेल्या होत्या, आणि पलीकडच्या रांगेतही मला हिरवा ठिपका दिसला.

दोन दिवसांत पूर्ण शेड गेली. दादा मदतीला आला. आम्ही दोघांनी पिशव्या ओढत लांब नेल्या आणि खड्ड्यात पुरल्या. म्हातारी माणसं, दर फेरीला धापा टाकत. पेंढा जाळला. बाटल्या ओल्या फडक्याने पुसून ओसरीवर सावलीत ठेवल्या, वर भिजवलेली पोती टाकली. व्यवस्थापकाला मीच फोन केला. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "बरं, मावशी." त्यावरून काय ते मी समजले.

तिसऱ्या दिवशी मी शेडच्या भिंतींना चुना मारत होते. दादा दारात उभा होता. पाय घमेल्यात बुडवलेले, पँट घोट्यापर्यंत भिजलेली.

"चिमे, शेड आता रिकामीच राहणार ना काही महिने?"

"हो."

"पेंढा नाहीये आता. बाटल्या स्वच्छ आहेत. ओसरीवर दुपारचं ऊन येतं गं."

मी कुंचला बादलीत ठेवला. शेड खरंच रिकामी होती. पुढचं पीक कधी घेईन, घेईन की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं. पण बाटल्या आत आल्या की तो येणार, आणि तो येत राहिला की वहिनी तिकडे पोत्यांतल्या सामानात एकटी बसून राहणार, आणि मी पुन्हा बी पेरणार नाही.

"नाही, दादा."

त्याला नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. तो घमेल्यात तसाच उभा होता.

"नाही म्हणतेस?"

"नाही. घरी ने. पलंगाखाली ठेव. आणि वहिनीला सांग."

"पलंगाखाली दोन महिन्यांत खराब होतील."

"होतील."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. ओले पाय पायपुसण्याला पुसून तो ओसरीकडे गेला, आणि थोड्या वेळाने टेंपोवाल्याला पत्ता समजावून सांगतानाचा त्याचा आवाज मला आत ऐकू आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हळू न्यावं लागेल.