निळ्या तरसाचा डावा पाय

मी एक जुना पोशाख आहे, मित्रांनो, निळ्या तरसाचा. दचकू नका. माझे दात रबराचे आहेत आणि पोटात भूक नाही, नुसतं अस्तर आहे. डोक्यात मेंदूच्या जागी फोम असल्यामुळे मला फार खोल विचार करता येत नाही. पण ऐकू येतं, आठवतं आणि स्वप्नं तर भरपूर पडतात. कुणी मला अंगात घातलं की मी पुरता जागा होतो, काढून ठेवलं की पेंगतो. माझं निम्मं आयुष्य असं पेंगण्यात गेलं. तरी जे नक्की ठाऊक आहे, तेवढंच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर झाला. तिथे फरवाल्या बाई राहत आणि तिथेच काम करत. त्यांच्या खोलीला मोठी खिडकी होती आणि हवेत सतत रंगीत केस तरंगत असत. ऊन आत आलं की ते केस झगमगत खाली येत. बाई नाकाला फडकं बांधून टेबलाशी वाकलेल्या असत. त्या कमी बोलत, आणि बोलल्या तर कापडाशी बोलत. "सरळ बस गं बाई, उगाच सुरकुत्या पाडू नकोस," असं त्या माझ्या पाठीच्या तुकड्याला सांगत.

जो मला घालणार होता, त्याला पाहण्याआधी मी त्याचा आकार पाहिला. या धंद्यात अशीच रीत आहे. गिऱ्हाईक घरी जुने कपडे घालून उभं राहतं. घरचं कुणीतरी त्याला मानेपासून घोट्यापर्यंत रुपेरी चिकटपट्टीने गुंडाळतं. मग पाठीवर चीर देऊन ते कवच सोलून काढतात आणि कारागिराकडे पाठवून देतात. बाई त्यात चिंध्या भरून ते उभं करत. तसा एक रुपेरी, बिनडोक्याचा माणूस माझ्यासमोर उभा असे आणि बाई माझा एकेक तुकडा त्याच्या अंगाला लावून पाहत. त्याचा डावा खांदा जरा खाली होता, म्हणून माझाही खाली झाला. मला वाटायचं, हाच माझा थोरला भाऊ.

मग एके दिवशी खरा माणूस आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, हाताला ग्रीसचा वास, बोलणं मोजून मापून. घरी त्याला 'धाकटा' म्हणत, म्हणून आपणही धाकटाच म्हणू. त्याने मला पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "आलास होय?"

त्याच्या हाती देण्याआधी बाईंनी मला उराशी धरलं आणि अटी सांगितल्या. चारचौघांत डोकं उतरवायचं नाही. दुसऱ्या कुणाला घालायला द्यायचं नाही. विकायचं नाही. आणि बाईंशिवाय दुसऱ्या कुणाची कात्री किंवा सुई मला लागता कामा नये. "लागली, तर माझं नाव मी उसवून घेईन," त्या म्हणाल्या. माझ्या मानेच्या आत त्यांच्या नावाची छोटी पट्टी शिवलेली होती.

बाई काही हौसेने कडक झाल्या नव्हत्या, मित्रांनो. माझ्या आधी त्यांनी एक पांढरा ससा केला होता. घेणाऱ्याने त्याचे कान कापले, पोटावर बुटांची जाहिरात शिवली आणि त्याला दुकानाबाहेर खांबाला टांगलं. बाई भाजी आणायला गेल्या आणि समोर ससा! ओळखीचं माणूस रस्त्यात पडलेलं दिसावं तसं त्यांना झालं. तेव्हापासून त्या प्रत्येक पोशाखाबरोबर अटी देऊ लागल्या.

धाकट्याने माझ्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "शब्द देतो."

पुढची वर्षं सोन्यासारखी गेली. माझे डोळे जाळीचे आहेत. आतून पाहिलं की जग धुक्यात बुडाल्यासारखं दिसतं; दिव्यांना मऊ कडा येतात, माणसं पाण्याखाली चालल्यासारखी चालतात. या धुक्यात धाकटा वेगळाच माणूस होई. एरवी चार शब्द बोलायला त्याला घाम फुटे, पण माझं डोकं घातलं की तो तरसासारखा हसे. खो-खो नाही, हं. हळू सुरुवात करून वर चढत जाणारं, मध्येच तुटणारं, पुन्हा उसळणारं हसू. दरवर्षी एका मोठ्या सभागृहात, हौसेने असे प्राण्यांचे पोशाख घालणाऱ्यांचा मेळावा भरे. लांडगे, हरणं, एक जांभळी मगर, सगळे जमत. धाकट्याचं हसू ऐकलं की मगर लांबूनच ओरडे, "आला रे आला, आमचा हसरा आला!" जगात त्याला हाक मारणारं एवढंच गणगोत होतं, एक घर सोडून.

घरी थोरली बहीण होती. ती पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवे. तिची जीभ तिच्या सुईपेक्षा धारदार.

"अरे, चाळिशीला आलास," ती म्हणायची, "लोकांना या वयात पोट सुटतं, तुला शेपटी सुटली!"

"ताई, चेन लाव ना पाठीची."

"लावते. पण कुणी विचारलं तर मी तुला ओळखत नाही."

चेन मात्र ती अलगद लावायची, माझा एकही केस अडकू न देता.

मग लिफ्टच्या खड्ड्यात धाकट्याचा डावा पाय चिरडला. पाय वाचला, पण वाकेना. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी आधार आला, आणि तो कायमचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर त्याने मला पलंगावर पसरलं आणि पाय घालून पाहिला. आधाराची कडी माझ्या गुडघ्याशी अडली. त्याने पुन्हा ढकलला. मी जितका ताणता येईल तितका ताणलो. फोमला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

"आण इकडे," ताई म्हणाली. "बाहेरच्या बाजूने उसवते, लांब चेन लावते. एका दुपारचं काम आहे."

"नको. शब्द दिलाय."

"मग त्यांनाच विचार."

त्याने फोन केला. बाईंचा आवाज मला पलंगावरूनही ऐकू आला. "तरसाच्या पायाला चेन नसते. मी ती लावणार नाही आणि दुसऱ्या कुणी लावायची नाही. पाय बरा झाला की घाल." पाय बरा होणार नाही, हे सांगायला धाकट्याला शब्द सुचेनात. त्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने मला घडी घालून कपाटात ठेवलं. अगदी जपून, खाली कागद, वर चादर. आणि खरं सांगू? एवढं जपल्यामुळेच मी खराब होऊ लागलो. कृत्रिम फर किडे खात नाहीत, पण दमट अंधार खातो. माझे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या. कानातल्या फोमचा भुगा सांडू लागला. मी एकसारखा स्वप्नं पाहत राहिलो. एक मोकळं माळरान दिसे, मी कधीच न पाहिलेलं. तिथे पुष्कळ तरसं लांब लांब उभी असत आणि एकही हसत नसे. मध्येच कपाटाबाहेरून ताईचा आवाज त्या माळावर येई: "मेळाव्याला नुसता तरी जा रे." आणि धाकट्याचा: "कोण म्हणून जाऊ?"

मेळावा दोनदा येऊन गेला. घरात हसणं राहिलं नाही. ताईचे टोमणेसुद्धा थांबले, आणि हे मला जास्त भीतिदायक वाटलं.

एका सकाळी तिने मला बाहेर काढलं. "ऊन दाखवून आणते," तिने धाकट्याला सांगितलं आणि मला गाठोड्यात बांधून थेट बसने फरवाल्या बाईंकडे नेलं.

बाईंनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या, केस पिकले होते.

"मी धाकट्याची बहीण," ताई म्हणाली.

"कोण धाकटा?"

"निळं तरस."

"मग तसं सांगा ना. माणसं माझ्या लक्षात राहत नाहीत."

त्यांनी मला टेबलावर उलगडलं आणि माझी अवस्था पाहून ओठ आवळले. मग डोळे मिटून त्या माझ्या शिवणींवरून बोटं फिरवू लागल्या. खांदा, कूस, कंबर. शेपटीच्या मुळाशी बोट थांबलं. मला ठाऊक होतं, मित्रांनो. एका मेळाव्यात एक चिमुरडं माझ्या शेपटीला लोंबकळलं होतं आणि शेपटी निम्मी सुटली होती. धाकटा अंघोळीला गेला असताना ताईने ती गुपचूप शिवली होती. त्याला आजवर पत्ता नव्हता.

"हा टाका माझा नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. माझा आहे."

"कुणाला विचारून घातला?"

"शेपटीला विचारलं. ती हो म्हणाली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तो रुपेरी, बिनडोक्याचा माणूस अजून उभा होता, धूळ खात. "तो पाहा. त्या पायाच्या मापाने मी याला शिवलंय. त्यात कुणी ढवळाढवळ केलेली मला चालणार नाही."

ताई त्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिनेच तो स्वतःच्या हातांनी गुंडाळला होता. "चांगला पाय होता," ती हळू म्हणाली. "तो आता नाही, बाई. आहे तो वाकत नाही. त्याच्या मापाचं काही असेल तर द्या, नाहीतर मला करू द्या. दोन वर्षं माझा भाऊ हसलेला नाही."

बाईंनी शिवण उसवायचं बारीक हत्यार उचललं, माझी मान उलटी केली आणि नावाची पट्टी काढू लागल्या. एकेक टाका तुटताना मला ऐकू येत होता. दुखलं नाही. कुणीतरी आपला खूप दिवस धरून ठेवलेला हात सोडावा, तसं वाटलं. थोडं गार, थोडं हलकं. पट्टी त्यांनी मुठीत घेतली.

"आता हा माझा नाही. काय वाट्टेल ते करा."

"बरं," ताई म्हणाली आणि पदर खोचला. "हे टेबल वापरू का? आमच्याकडे एवढं मोठं नाही."

बाई बघतच राहिल्या. इतक्या अटी घातल्या होत्या त्यांनी, पण टेबल न देण्याची अट त्यांना कधी सुचलीच नव्हती. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताईने पिशवीतून पडदे कापायची कात्री काढली आणि माझ्या डाव्या पायाला लावली.

"कात्री नको!" बाई न वळताच ओरडल्या. "केस तुटतील. उलटा कर त्याला. मागच्या कापडावरून नुसतं पातं फिरव."

"पातं आहे कुठे माझ्याकडे?"

बाई वळल्या, पातं घेऊन आल्या आणि ते तिच्या हातात दिलं. मग कापड धरायला कुणी नव्हतं, म्हणून कापड धरलं. ताई म्हणाली, सोफ्याच्या खोळीला चेन झाकायला वरून पट्टी सोडतात, तशी फरची पट्टी सोडू. बाई पुटपुटल्या, "खोळ म्हणे!" पण गेल्या आणि कुठल्याशा पोत्यातून माझ्याच निळ्या रंगाचा उरलेला तुकडा घेऊन आल्या. त्या दुपारी दोन बायका माझ्या एका पायावर वाकून बसल्या होत्या. हवेत निळे केस तरंगत होते. जागा होतो की झोपेत, कोण जाणे, पण ते माळरान मला दिसलं आणि तिथलं एक तरस हळूच माझ्याकडे वळलं.

काम झाल्यावर ताईने विचारलं, "नाव परत लावता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "घरी खरं सांगा. नाव काढलं म्हणून सांगा."

घरी येऊन ताईने धाकट्याला सगळं सांगितलं, शेपटीचंही. त्याने माझ्या मानेत बोट घालून रिकामी जागा चाचपली. मला वाटलं, आता हा मला परत कपाटात ठेवणार. "शब्द मोडला गं ताई," तो म्हणाला.

"मी मोडला. तू नुसता पाय घाल."

लोखंड थंडगार होतं. ते माझ्या मांडीवरून, गुडघ्यावरून सरळ खाली गेलं. ताईने चेन ओढली, पट्टी वर पाडली. धाकटा काठी टेकत आरशासमोर गेला. एक निळं, गाठी झालेलं, एका कानाचा भुगा पडलेलं तरस तिथे उभं होतं. आधी काहीच झालं नाही. मग माझ्या छातीत कुठेतरी खोल ते हसू हळू सुरू झालं, वर चढलं, मध्येच तुटलं आणि पुन्हा उसळलं. ताई पाठ करून स्वयंपाकघरात गेली. "पुरे आता," ती तिथून म्हणाली, "शेजारी वनखात्याला फोन करतील!" तिचा आवाज भिजलेला होता.

त्या वर्षीच्या मेळाव्यात फरवाल्या बाई आल्या होत्या. जाळीतून मला त्यांची पांढरी आकृती धुक्यातून येताना दिसली. धाकटा थबकला. त्यांनी आमची विचारपूस केली नाही, मला आपला म्हटलं नाही. माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. "पट्टीवरचे केस उलटे बसलेत," त्या म्हणाल्या, गुडघे टेकून खाली बसल्या आणि पर्समधला कंगवा काढून ते सरळ करू लागल्या. सभागृहातला गोंगाट दूर गेला. त्या विंचरत राहिल्या, केस सरळ झाल्यावरही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. धाकटा मला मागेल त्याला देतो. उंच, बुटके, लाजरे, बडबडे, कितीतरी जणांच्या छातीचे ठोके मी आतून ऐकले आहेत, आणि प्रत्येकाबरोबर जरा वेगळा हसलो आहे. तुम्ही कधी एखादी वस्तू जीव लावून बनवलीत, तर ती देताना दोन गोष्टी जरूर सांगा. सांगून झालं की हात मोकळा सोडा. आणि कुणाच्या हातची वस्तू घेतलीत, तर ते हात विसरू नका. माझ्यापुरतं म्हणाल तर मागणं थोडंच आहे. घालून झाल्यावर मला उलटा करून वाळवा, केसांच्या दिशेने विंचरा, ओला असताना घडी घालू नका. आणि पुढच्या वेळी फार उशीर करू नका.