तीन खाचांचं पिंप

आमच्या खोऱ्यात माणसाचं लग्न झालं की तो स्वतःच्या मयताची सोय करून ठेवतो. पांढऱ्या वाईनचं एक लहान पिंप आणि चीजची एक मोठी चकती तळघरात ठेवायची, दोन्हींवर आपली खूण कोरायची आणि मरेपर्यंत हात लावायचा नाही. पुढे मयताला जमलेल्यांनी ते संपवायचं. माझे सासरे थिओदुल यांची खूण दोन खाचा. माझा नवरा बाझील याची तीन.

त्या मार्चात बाझील खेचर घेऊन खाली सिएरला द्राक्षवेलींच्या छाटणीला गेला होता आणि त्याच दिवशी परतणार होता. वाटेवरच्या उताराचा बर्फ भुसभुशीत झाला होता. जेवणासाठी मी तळघरातून वाईन आणली. रोजचं पिंप मी अंधारात नुसतं चाचपून ओळखायची, आणि त्याची मला फार घमेंड होती.

मामंजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ही यंदाची वाईन नव्हती. कोरडी, झऱ्याच्या पाण्यासारखी गार, आणि मागून अक्रोडाचा वास. ते दिवा घेऊन खाली गेले, मागोमाग मीही. पिंपावरची बुरशी पुसली तर खाचा तीन निघाल्या.

"अक्कल कुठं गहाण टाकली होतीस?" ते म्हणाले. उघडलेलं पिंप आपल्या धन्याला नेल्याशिवाय राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वर आलो तर शेजारची क्रेसान्स दारात उभी. अंगावर काळी शाल, हातात मयताच्या घरी नेतात तो काळा पाव. खिडकीशी कुणीतरी सांगून गेलं म्हणे, की तुमच्याकडे पिंप उघडलंय. सांगणारा तिला दिसला नव्हता.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

"मी," मामंजी म्हणाले. "बस, क्रेसान्स. पेला घे."

मग चाकू घेऊन ते पुन्हा खाली गेले आणि त्यांनी तिसरी खाच तासून सपाट केली. येताना स्वतःची चीजची चकती काखोटीला मारून आणली.

"चीज माझं, आणि मला सोडून गावानं खायचं. हा कुठला न्याय?" असं म्हणत ते हाडासारख्या कडक चीजचे पातळ काप काढत राहिले. प्रत्येक कापावर एक घोट. या चीजपुढे हीच वाईन टिकते, असंही म्हणाले. क्रेसान्स रडत होती आणि खात होती. मी मात्र एकदाही त्यांना थांबा म्हटलं नाही. देव मला क्षमा करो, मला माझा नवरा हवा होता.

खिडकीतलं ऊन सरलं तेव्हा ते बसल्या जागी गेलेले होते.

तिन्हीसांजेला बाझील आला, एकटाच. पुढे चालणारं खेचर त्याच्या डोळ्यांदेखत बर्फाखाली गेलं, आणि बर्फ त्याच्या बुटांपाशी येऊन थांबला. बापाच्या पायाशी बसून तो खूप रडला. मग मी दिलेला पेला त्यानं तोंडाला लावला.

"चांगली मुरलीय," तो म्हणाला. "बाबांच्या पिंपातली ना?"

क्रेसान्स हातातल्या पावाकडे बघत राहिली.

"हो, मामंजींच्याच," मी म्हणाले, आणि त्याचा पेला पुन्हा भरला.