दोन दवाखान्यांच्या मध्ये

रंगरावांना जुना दमा होता, पुढं साखरही निघाली. दम्याचा डॉक्टर मलकापूरला, साखरेचा बुलढाण्याला. गोळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून सरस्वतीबाई त्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवत. एका दवाखान्यात जाताना दुसरी पिशवी घरीच खुंटीला असे. नवऱ्याची गोळी त्यांनी कधी चुकवली नाही.

त्या साली बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी पडली. धाड गावच्या शिवारात लोकांनी उभी पऱ्हाटी उपटली. रंगरावांनीही उपटली. घरी आल्यावर सरस्वतीबाईंना त्यांच्या डाव्या टाचेला रक्त दिसलं. पऱ्हाटीचा खुंट चपलेतून आत शिरला होता.

"आवो, दुखलं नाई का?"

"मले समजलंच नाई."

गावात पट्टी केली, पण जखम चिघळत गेली. पाय काळा पडला तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घरात असतील त्या सगळ्या गोळ्या मागवल्या. दोन्ही पिशव्या पहिल्यांदाच एका टेबलावर रिकाम्या झाल्या.

"दम्याची ही गोळी कधीपासून घेतात?"

"लय वर्सं झाले."

"हिनं साखर वाढते, मावशी. साखरेच्या डॉक्टरांना हे माहीत होतं?"

"त्यायनं इचारलं नाई. मले वाटलं, तो आजार येगळा, हा येगळा."

डॉक्टरीणबाईंनी तिथंच उभ्या उभ्या दोन्ही डॉक्टरांना फोन लावला. समोरचा चहा निवायच्या आत बोलणं संपलं, गोळ्या बदलल्या. पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

रंगराव शुद्धीवर आले तेव्हा सरस्वतीबाई उशाशी बसल्या होत्या.

"माह्याच हातानं देत होती मी त्या गोळ्या," त्या म्हणाल्या.

"तू नसत्या देल्या तं मी कवाच गेलो असतो." मग ते म्हणाले, "टाचेले खाज येऊन राह्यली. जरा खाजव."

"कोन्त्या?"

"डाव्या."

सरस्वतीबाईंची नजर चादरीवर गेली.

"मले मालूम हाय, पाय नाई. तरी खाजव."

त्या उठून पायथ्याशी गेल्या. चादर जिथं सपाट झाली होती तिथं त्या हळूहळू नखं फिरवू लागल्या. रंगरावांनी डोळे मिटले.

"अजून खाली," ते म्हणाले.